मदत हवी आहे: गाठ काढली तरी मुलीचे डोळे नाचणं आणि थरथर थांबत नाहीये

नमस्कार मंडळी, माझ्या धाकट्या जावेच्या मुलीबद्दल विचारायचंय. पावणेदोन वर्षांची आहे. चांगली दुडुदुडु पळणारी पोर, सर्दी-तापाचं निमित्त झालं आणि झोकांड्या खायला लागली, मग तर बसताही येईना. आधी व्हायरलमुळे झालंय, जाईल आपोआप असंच सांगितलं, पण डोळे वर-खाली, आडवे-तिडवे कसेही झटके मारत फिरायचे, झोपली तरी पापण्यांखाली बुबुळं पळताना दिसायची. त्याचा व्हिडिओ दुसऱ्या न्यूरोंना दाखवला तर त्यांनी लगेच ओएमएस म्हणजे ऑप्सोक्लोनस मायोक्लोनस (डोळे नाचणं आणि अंगाला झटके, थरथर येण्याचा आजार) सांगितलं आणि गाठ शोधायला लावली. लघवीची व्हीएमए (अशा गाठीसाठीची टेस्ट) नॉर्मल, सोनोग्राफी क्लिअर, शेवटी एमआरआयमध्ये किडनीच्या वर छोटासा न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांमधली कॅन्सरची एक गाठ) सापडला. ऑपरेशन झालं, केमो नको म्हणाले.

आता सासूबाईंपासून सगळे एकच विचारतात, गाठ गेली मग पोर बरी का होत नाही? डॉक्टरांच्या मते प्रतिकारशक्ती गाठीवर चालून गेली तीच आता मेंदूवर उलटलीय, म्हणून तिला आवरायला वेगळी औषधं. डेक्सा या स्टेरॉइडचे पल्स (ठरावीक दिवसांनी मोठे डोस) आणि आयव्हीआयजी (शिरेतून अँटीबॉडीज) चालू आहे, पण जरा नाक वाहिलं की परत थरथर, वाटी तोंडापर्यंत नेईस्तोवर अर्धं दूध फ्रॉकवर. रात्रभर झोप नाही आणि राग इतका की स्वतःचेच केस ओढते, जाऊ पार थकलीय. आता रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीच्या काही पेशी कमी करणारं औषध) देऊया म्हणतायत. कोणी दिलंय का? आणि झोपेचं काय केलंत?

*

ताई, आमचा मुलगा यातून गेलाय, आता दुसरीत आहे. सर्दीबरोबर उलटणं आमच्याकडेही व्हायचंच, घाबरू नका पण अंगावर काढू पण नका, लगेच कळवायचं. रिटुक्सिमॅब दिलं होतं, पहिला डोस अगदी हळू चढवतात, थोडी थंडी-ताप आली. राग आणि झोप हा आजाराचाच भाग आहे, त्यात स्टेरॉइडची भर, लाड झालेत म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. झोपेसाठी न्यूरोंनी वेगळं औषध दिलं त्याने खूप फरक पडला, विचारा त्यांना. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालायला लागायची वाट न बघता आत्ताच सुरू करा, आमचं बोलणं बरंच मागे पडलं होतं. एमएमआर, कांजिण्यांची लस सध्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बीची टेस्ट झालीये ना, तेवढं बघून घ्या.