मदत हवी आहे : भेंडी 1,360 किलोवरून 870 वर आली, पुढे लावायची की नाही?

बांधावरची
नमस्कार मंडळी, पटकन मदत हवीय, सोमवारी घरात बसून ठरवायचंय. यंदाच्या पावसाळी भाज्यांचा हिशोब काढला. भेंडी गेल्या वर्षी 1,360 किलो होती, यंदा 870. दोडका 1,150 चा 1,240 झाला, काकडी 1,400 ची 1,050. रान तेच, बियाणं तेच, खतं पण तीच. दीर म्हणतात भेंडी बंद करा आणि तिथेही दोडक्याचा मांडव घाला. मला भेंडी सोडायची नाहीये, घरखर्चाला दर आठवड्याला हातात पैसा तीच देते, पण हे आकडे समोर ठेवल्यावर मी बोलू काय? नेमकं काय बिघडलं असेल? लवकर सांगा.

चाळीस गुंठे
ताई, क्षेत्र किती ते लिहिलंच नाही. 870 किलो पाच गुंठ्यांतलं असेल तर उत्तम पीक आहे, एकरातलं असेल तर मोठं नुकसान. गाव कुठलं, टोकणी म्हणजे बी कधी लावलं, अंतर किती?

माळरान
हे दुसरं तिसरं काही नाही, जमिनीचा कस गेलाय. वर्षानुवर्षं गोणीतली खतं टाकली की हेच होतं. जीवामृत करा: 200 लिटर पाण्यात 10 किलो देशी गाईचं शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळा आणि दर पंधरा दिवसांनी पाण्यातून सोडा. मी चार वर्षं दुसरं काहीही घातलेलं नाही.

बांधावरची
राजगुरूनगरच्या पलीकडे आहे आमचं. भाजीला 30 गुंठे, त्यात भेंडी 10, दोडका 8, काकडी 6, राहिलेल्यात मेथी-कोथिंबीर. दोन्ही वर्षी तेवढंच. टोकणी गेल्या वर्षी 14 जूनला, यंदा 2 जुलैला, कारण मे महिन्यातच पाऊस लागला आणि रानाला वाफसाच येईना, माती पेरण्याइतकी सुकेचना. दोन फुटी सरी, झाडात एक फूट. ड्रिप आहे.

प्रयोगी
माळरान, दोडका त्याच रानात वाढलाय, मग जमीन एकट्या भेंडीवरच कशी रुसली? माती परीक्षण न करता कस गेला म्हणणं बरोबर नाही. माझ्या मते उशिरा टोकणी आणि पाऊस. काकडीवर केवडा आला असणार, पानांवर वरून पिवळे चौकोनी डाग, खालून करडी बुरशी. यंदाच्या पावसात तो येणारच होता.

माळरान
परीक्षणाचे कागद आमच्याकडेही आहेत हो. कागदावर पीक येत नाही. गांडुळं मोजा, कस कळेल.

बांधावरची
हो काकडीवर तेच डाग होते, त्याचं कारण मला माहितीये. मी भेंडीचं विचारतेय.

गच्चीतली बाग
मी ठाण्याला गच्चीत भेंडी लावते. 12 इंची कुंडीत एकच झाड, भरपूर ऊन आणि महिन्यातून एकदा नीमपेंड. दोन माणसांना पुरते. कुंडीला खाली भोकं नक्की पाडा.

नुसतं पिवळं
ताई, हळद्या होता का? शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान, भेंडीसुद्धा पांढुरकी निघते. पांढरी माशी पसरवते. आमचा एक प्लॉट त्यात निम्मा गेला होता. चिकट सापळे लावले होते का?

बांधावरची
शेवटी शेवटी 20-25 झाडांवर दिसला, लगेच उपटून टाकली. पिवळे सापळे होते. त्यानं 490 किलो जाणार नाहीत.

पट्टीवाला
सगळे किलोच्या मागे का लागलेत? शेतकऱ्याला किलो नाही, पैसे खायला लागतात. जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभराच्या वर गेला तेव्हा कमी मालवाल्यांचेही चार पैसे झाले, आणि ज्या वर्षी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले त्या वर्षी पीक भरघोसच होतं. आधी दोन्ही वर्षांच्या पट्ट्या, म्हणजे बाजारातल्या विक्रीच्या पावत्या काढा, खर्च वजा करून गुंठ्याला किती उरले ते बघा.

चाळीस गुंठे
पट्टीवाले दादा, बरोबर आहे, पण दर आपल्या हातात नाही, उत्पादन आहे, त्यामुळे आधी ते बघू. एकराचे 40 गुंठे, तेव्हा 10 गुंठ्यात 870 म्हणजे एकरी साडेतीन टनाच्या आत, गेल्या वर्षी एकरी साडेपाचच्या आसपास. पुस्तकात आकडे हेक्टरी असतात, एकराशी ताडून उगीच घाबरू नका, गेल्या वर्षीचं तुमचं पीक चांगलंच होतं. ताई, आता मुख्य गोष्ट सांगा, तोडे किती झाले, म्हणजे किती वेळा तोडणी केलीत? आणि हे किलो कशावरून लिहिलेत?

बांधावरची
किलो पट्टीवरून आणि आठवडे बाजारातल्या आमच्या काट्यावरून. तोडे वहीत बघावे लागतील, थांबा.

बांधावरची
मोजले. गेल्या वर्षी 24, यंदा 15.

चाळीस गुंठे
आता भागून बघा. 1,360 ला 24 नं भागलं तर तोड्याला 57 किलो, 870 ला 15 नं भागलं तर 58. म्हणजे तोड्याला निघालेला माल जिथल्या तिथे आहे. गेले ते तोडे गेलेत. पीक लवकर संपलं की तोड्यातलं अंतर वाढलं?

बांधावरची
बापरे, हा भागाकार मी केलाच नव्हता. पीक दोन्ही वर्षी दीड महिनाच चाललं. गेल्या वर्षी एक दिवसाआड तोडत होतो. यंदा जाऊबाईंचं ऑपरेशन झालं त्यामुळे घरातल्या दोन हातांचा एकच झाला, आणि बाया सोयाबीनच्या खुरपणीला जायच्या, भेंडीला कुणी येईना, हाताला काटे टोचून खाज सुटते म्हणून नकोच म्हणतात. मग दर तिसऱ्या दिवशी तोडा, मधे पाऊस असला की चौथ्या.

प्रयोगी
मग माझं उशिरा टोकणीचं म्हणणं मागे घेतो, निदान मुख्य कारण ते नाही. भेंडी झाडावर जून झाली की झाड बी भरायच्या मागे लागतं, नवी फुलं कमी धरतं. एक दिवसाआड तोडणं हे खताइतकंच महत्त्वाचं आहे. जून झालेल्या भेंडीचं काय केलंत?

बांधावरची
टोक मोडून बघायचो, कडकन मोडली तर बाजारात, वाकली तर पाटीत बाजूला. अशा दोन-तीन पाट्या दर तोड्याला गाईपुढे जायच्या. त्या कधी तोलल्याच नाहीत, वहीतही नाहीत.

चाळीस गुंठे
हेच. वही विक्रीची आहे, पिकाची नाही. पाटीत 8 किलो धरली तरी तोड्याला 16 ते 24 किलो. म्हणजे 15 तोड्यांत निदान 240 किलो झाडांनी दिलंय, तुमच्यापर्यंत पोचलं नाही. उरलेली तूट जून शेंगा झाडावर राहिल्याची आणि पावसाची. बियाणं चांगलं, रान चांगलं, हात कमी पडले. दिरांना हे सांगा.

माळरान
हात कमी पडले हे पटलं. तरी जीवामृत सोडून बघाच, मी मनापासून सांगतोय, चार वर्षांत माझी ड्रिपची लाईन सोडून सगळं सुधारलंय.

पट्टीवाला
मग दोडका वाढवणं बरोबरच झालं की. दोडका तीन दिवसांनी तोडला तरी चालतो.

नुसतं पिवळं
चालतो, पण फार नाही, पावसाळ्यात तोही शिरा धरून कडक होतो. आणि मांडवाचे बांबू, तार, सुतळी यांचा खर्च कोण धरणार? 18 गुंठे दोडका एकदम आला तर आठवडे बाजारात कोण घेईल तेवढा? आमच्या घरी दोन बायकांच्या हातानं 6 गुंठे भेंडी एक दिवसाआड नीट निघते, त्यापुढे नाही. आम्ही 3-3 गुंठे करून पंधरा दिवसांच्या फरकानं टोकतो.

बांधावरची
सोमवारी बोलणं झालं. दिरांसमोर वही ठेवून भागाकार करून दाखवला, ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले गाईनं खाल्लेली पण धरायला पाहिजे होती. जाऊबाई अंथरुणातून म्हणाल्या, मी बरी झाले की भेंडी माझी. जानेवारीअखेर उन्हाळी 3 गुंठे टोकायचं ठरलंय, फेब्रुवारीत अजून 3. राहिलेल्या 4 गुंठ्यांत मेथी. दोडका आहे तेवढाच. नुसतं पिवळं, तोडताना हातमोजे कुठले घालता? आणि चाळीस गुंठे दादा, वहीत रकाने कुठले पाडू?

नुसतं पिवळं
साधे कापडी, बोटांना रबर लावलेले. ओले झाले की बदला, दोन जोड ठेवा. बाहीचा जुना शर्ट पण घाला, खाज कोपरापर्यंत येते.

चाळीस गुंठे
तारीख, तोडा कितवा, तोडणारे किती, एकूण वजन, विकलेलं, टाकलेलं. तोलायचं बांधावरच, माल घरी आणून निवडायच्या आधी. वही खोपीत खिळ्याला टांगा आणि पेन्सिल दोऱ्यानं बांधा, पेनचं लिहिलेलं ओल्या हातानं पसरतं.