अनुभव धागा: तुमच्या घरातल्या औषधपेटीत काय असते?

तापीकाठ: काल भाचा सायकलवरून पडला म्हणून माळ्यावरची औषधपेटी काढली, तर उन्हाने चिकटपट्टीचा डिंक वितळून तिला कागद असा बसला होता की ती उलगडेना. आईची पेटी धाब्याच्या घरात, मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात असे, आणि ती तिथेच का, हे आत्ता उमगले. बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. आपल्याकडे खानदेशात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. तुम्ही पेटीत काय ठेवता आणि पेटी कुठे ठेवता, ते अवश्य लिहावे.

रावेरची लेक: जुलाबात द्यायच्या ओआरएसची (क्षार-साखरेच्या पुडीची) पाकिटे सर्वांत आधी. मोठे पाकीट १ लिटर पाण्यासाठी असते आणि लहान २०० मिलिलिटरसाठी. मोठ्यातले चमचाभर काढून पेल्यात ढवळण्याची आमच्याकडची पद्धत चुकीची आहे, कारण त्यात क्षारांचे प्रमाण राहत नाही. कालवलेले पाणी २४ तासांनंतर ओतून द्यावे. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा मात्र चहाचा.

खटपट्या: आमच्या पेटीत बाम, ओव्याची पुरचुंडी आणि सासऱ्यांचा हरवलेला चष्मा सापडला.

भरीतप्रेमी: कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर, भरताची वांगी भाजताना हात भाजला नाही असे माणूस आमच्या गावात विरळाच. भाजलेल्या जागी टूथपेस्ट किंवा हळद थापू नये, २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे आणि नंतर न चिकटणारे स्वच्छ गॉज (जाळीदार कापड) सैलसर बांधावे; बर्फही नको.

रावेरची लेक: दादा, वांगी मात्र बामणोदचीच, यावर वाद नको.

शिरपूरचा शेतकरी: घरापेक्षा शेतावरची पेटी महत्त्वाची. कपाशीच्या बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी कापूस वेचणाऱ्या बायांची बोटे सोलतात, म्हणून साबण, जखमेवरचे जंतुनाशक पोविडोन आयोडिन, कापूस, गॉज आणि क्रेप बँडेज खोलीवर असतेच. सापासाठी पेटीत काहीही ठेवू नये. घट्ट दोरी बांधणे आणि चिरा देणे दोन्ही घातक असून, चावलेला हात-पाय न हलवता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करणे एवढेच आपल्या हाती आहे. विंचवासाठी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८६ मध्ये प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग मांडला खरा, परंतु ती गोळी डॉक्टरांनीच द्यायची.

काउंटरमागून: औषध दुकान चालवतो म्हणून सांगतो, की मुलांच्या पॅरासिटामॉलमध्ये घोटाळा होतो. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन सिरपे मिळतात, शिवाय थेंब त्याहूनही तीव्र असतात. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून बाटली बदलली की डॉक्टरांना पुन्हा विचारावे. अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या पेटीत जपून ठेवणाऱ्यांना मी दुकानातच रागावतो.

तापीकाठ: भाऊ, तापमापीचे काय? आमची पाऱ्याची आहे.

काउंटरमागून: तिची खूण ४२ अंशांवर संपते. खोलीच त्याहून तापली तर पारा कितीही झटकला तरी उतरत नाही, आणि नळी फुटण्याचीही भीती असते. डिजिटल घ्या आणि बटणाएवढा सेल जास्तीचा आणून ठेवा.