जुन्या जीपचं पॉवर स्टेअरिंग कोणीतरी कसंबसं बसवलंय, सुरुवात कुठून करू?

जीपवेडा_नागपूर
नमस्कार मंडळी. महिंद्राची जुनी सीजे ३बी घेतली आहे, डिझेल. बॉडी छान आहे, इंजिन पण एका दमात उठतं, पण स्टेअरिंगची भीती वाटते. आधीच्या मालकाने मूळ स्टेअरिंग बॉक्स आणि मधला बेल क्रँक (स्टेअरिंगचा जोर चाकांच्या रॉडकडे वळवणारा आर्म) काढून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा पॉवर बॉक्स चेसिसच्या उजव्या बाजूला पुढे बसवलाय, वरून लांब शॅकल (पाट्यांचं टोक चेसिसला जोडणारे दुवे) टाकून गाडी उचललीय आणि ३१ इंची टायर. आता वर्धा रोडला ५० च्या वर गेलो आणि छोटासा खड्डा जरी लागला तरी पुढची चाकं अशी थरथरतात की गाडी पार हळू केल्याशिवाय थांबतच नाहीत. स्पीडब्रेकरवर स्टेअरिंग आपोआप एका बाजूला ओढतं. डावीकडे पूर्ण वळते, उजवीकडे जेमतेम. खाली वाकून पाहिलं तर ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड) दोन तुकडे वेल्ड करून लांब केलेली दिसते आणि ती नकलला (चाकासोबत वळणारा भाग) नाही तर दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडच्या मधेच जोडलीय. दोन ठिकाणी दाखवली, एक म्हणे अलाइनमेंट करा, दुसरा म्हणे स्टेअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा छोटा शॉकर) टाका, होऊन जाईल. पॉवर स्टेअरिंग ठेवायचंय कारण बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय आणि उमरेडकडच्या शेतावर त्यांना स्वतः चालवत न्यायची आहे. नेमकं काय काय बदलू?

रामटेककर
भाऊ, पहिले तर गाडी रोडवर काढणं बंद करा, आजपासूनच. ड्रॅग लिंकवरचं वेल्डिंग तुटलं तर स्टेअरिंग हातात फिरत राहील आणि चाकं हवी तिकडे जातील, तुमच्या हातात काहीच उरत नाही. गॅरेजला न्यायची असेल तर टो करून न्या.

डॅम्पर आत्ता अजिबात नको. त्याने थरथर काही दिवस दबते आणि जो सांधा ढिला आहे तो तसाच झिजत राहतो, मग एक दिवस आणखी जोरात येते.

आधी घरीच एक टेस्ट करा. चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. एक जण स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवत राहील आणि तुम्ही बाजूने वाकून एकेक जॉइंट बघा, शक्यतो हात लावून, कारण डोळ्याला न दिसणारा प्ले (ढिलेपणा) बोटाला कळतो. ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघून लिंक हलवणारा आर्म), ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉड एंड, आणि मुख्य म्हणजे बॉक्स चेसिसवर हलतोय का ते. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. प्ले वाटला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन (ज्यावर नकल वळतो ती पिन). या जीपमध्ये ५० च्या वरची थरथर बहुतेक वेळा किंगपिनच्या ढिल्या बेअरिंगमधूनच सुरू होते, मोठे टायर ती वाढवतात.

काळीमाती
माझं मत वेगळं आहे, सगळं काढून ओरिजिनल बॉक्स आणि बेल क्रँक परत बसवा. आरटीओची बाजू पण बघा, मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहेच आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाईल असा बदल चालणार नाही. जुनी गाडी, रजिस्ट्रेशन रिन्यू करताना फिटनेसला न्यावीच लागणार. ३१ इंची टायर आणि ही उंची तिथे डोळ्यात येईल. बॉक्स ठेवायचा तर निदान आरटीओत विचारून घ्या.

हिंगण्याचा_लेथवाला
काळीमाती भाऊंचं कायद्याचं म्हणणं बरोबर हाय, ते आधी विचारूनच घ्या. पण बाबासाठी पॉवर पाह्यजे असंल तं बॉक्स नीट बसवता येते, फक्त अर्धं काम करू नका. माह्याकडे अशा जीपा येऊन राह्यल्या कितीतरी, सगळ्याईची बिमारी सारखीच. जीपचं चेसिस हाताच्या स्टेअरिंगसाठी बनलं हाय. पॉवर बॉक्सचा जोर त्याच्यावर आला आन खाली मोठे टायर असले का बोल्टच्या भोवती पत्रा हलते आन मंग तडा जाते. घासून, ग्रीस पुसून पाहा तिथं.

आन ड्रॉप आर्म पाहा. बॉक्स आडवा येते म्हणून लोकं तो भट्टीत तापवून वाकवून टाकतात. तो फोर्जिंगचा असते, तापवला का त्याची ताकद गेली. वाकवलेला दिसला तर सरळ भंगारात टाका, कोणाले विकू बी नका. लिंक पण वेल्डिंगची काढा, चांगल्या जाड सीमलेस पाइपची किंवा सॉलिड रॉडची एकाच तुकड्यात करून घ्या, एका टोकाले डावे आटे, दुसऱ्याले उजवे, म्हणजे लांबी फिरवून अडजस्ट होते. टाय रॉड एंडचा टेपर (निमुळता भाग) आन आर्मचा टेपर एकच पाह्यजे. ठोकून बसवला तं वरवर घट्ट वाटते आन रस्त्यात ढिला होते. क्यासल नट आन स्प्लिट पिन, दोन्ही.

जीपवेडा_नागपूर
दादा, तुम्ही म्हणाला तसंच निघालं. ग्रीस पुसल्यावर खालच्या मागच्या बोल्टपासून बारीक तडा दिसला आणि इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग हलवलं की बॉक्सच चेसिसवर डुलतो. ड्रॉप आर्मवर काळा-निळा डाग पण आहे, तापवलाय नक्की. डाव्या चाकाचा किंगपिन ढिला, ब्रेक दाबूनही प्ले जात नाही. गाडी आता उभीच आहे. स्पीडब्रेकरवर ओढते ते कशामुळे, आणि काम कोणत्या क्रमाने करू?

रामटेककर
ओढते ती ड्रॅग लिंकच्या उतारामुळे. बॉक्स वर आहे, लिंक तिरकी खाली येते, अॅक्सल वर उचलला गेला की लिंक आडवी व्हायला लागते आणि तेवढं चाकाला ढकलते. गाडी जितकी उंच तितका हा त्रास. म्हणून पहिले लांब शॅकल काढून मूळ मापाचे लावा, उंची कमी झाली की निम्मा त्रास तिथेच संपतो. पुढे लांब शॅकल लावल्याने कॅस्टरही (किंगपिन मागे कललेला असतो तो कोन) कमी झालेला असतो, म्हणून स्टेअरिंग सरळ परत येत नसेल. मूळ मॅन्युअलमध्ये कॅस्टर ३ अंश आहे. शॅकल बदलूनही कमी भरला तर पाट्या आणि अॅक्सलच्या मधे पाचर शिम मिळते.

लिंक टाय रॉडच्या मधे नको, तिथे टाय रॉड स्वतःच आपल्या अक्षावर फिरतो, आणि चाक वळायच्या आधी स्टेअरिंगचा बराच प्ले तिथेच खातो. डाव्या नकलवर वरून बसणारा स्टेअरिंग आर्म टाका म्हणजे लिंक जवळपास आडवी येईल.

हिंगण्याचा_लेथवाला
क्रम असा ठेवा. आधी चेसिस. तड्याच्या टोकाले बारीक भोक पाडा, मंग तडा व्ही आकारात घासून वेल्डिंग, वरून ६ मिमीची प्लेट. चेसिसचं सी आकाराचं चॅनल आतून बंद करा, बोल्टच्या जागी पाइपच्या बुश टाका नाहीतर नट कसताना पत्रा दबते. बॉक्सपासून दुसऱ्या बाजूच्या चेसिसपर्यंत आडवा सपोर्ट द्या. मंग किंगपिनचे बेअरिंग, शिमनं (पातळ चकत्यांनी) प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर थोडा ताण. मंग नवा ड्रॉप आर्म आन लिंक.

उजवीकडे कमी वळते त्याचं कारण बॉक्स सेंटरले नाही. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून मोजा, बरोबर अर्ध्यावर थांबा, चाकं सरळ करा, मंगच लिंकची लांबी ठरवा. आन नकलचे स्टॉपर बोल्ट असे लावा का बॉक्स आतून टोकाले पोचायच्या आधी ते लागले पाह्यजे, नाहीतर पंपाचा पूर्ण जोर लिंकवर येते.

शेवटी टो-इन, म्हणजे चाकं पुढून किती आत वळली ते. खडूनं टायरवर रेघ मारून पुढून-मागून टेपनं मोजा. मूळ माप ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे १.२ ते २.४ मिमी. टायर लहान केले तं आणखी बरं. पहिली ट्रायल मोकळ्या ग्राउंडवर हळू घ्या, मंग सगळे नट पुन्हा कसा, आन बाबाले त्याच्यानंतरच बसवा. चेसिस उघडी करून आणली का मले फोटो टाका, प्लेटचं माप तिथूनच सांगतो.