व्हीबी ६ मधला पतसंस्थेचा प्रोग्रॅम: नव्याने लिहिताना कोणती भाषा घ्यावी?

प्रश्न
आमच्या इंदूरच्या पतसंस्थेचे ठेवी, कर्जे आणि पासबुक छपाईचे सारे काम आजही व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या एका डेस्कटॉप प्रोग्रॅमवर चालते. नोंदी अ‍ॅक्सेसच्या एमडीबी (डेटाबेस) फाइलमध्ये आहेत, सभासदांची नावे हिंदीत, कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. तो लिहिणारे गृहस्थ केव्हाच पुण्याला स्थायिक झाले. आता व्हीबी डॉट नेट, सी शार्प आणि पायथन अशी तीन नावे संचालक मंडळापुढे आहेत. काउंटरवरची मंडळी जुन्या पडद्याला सरावलेली आहेत, हेही लक्षात घ्यावे लागेल. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १
व्हीबी ६ च्या विकास-साधनाचा आधार एप्रिल २००८ मध्येच संपला असला, तरी त्याचा रनटाइम (तयार प्रोग्रॅम चालवणारा भाग) विंडोज ११ वरही चालतो. तेव्हा घाई करू नये. व्हीबी डॉट नेट नावापुरती जवळची आहे, परंतु या भाषेत यापुढे भर घालण्याचा विचार नाही, असे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये सांगून टाकले आहे. माझे मत सी शार्पला. विनफॉर्म्समध्ये (विंडोजचे पडदे बांधण्याच्या साधनात) पडदे जवळपास जसेच्या तसे उभे करता येतात आणि पुढे देखभालीला माणूस इंदुरातच मिळतो. मात्र एमडीबी फाइल उघडणारा जेट ४.० चा ड्रायव्हर केवळ ३२-बिट असल्याने, तो वापरात आहे तोवर नवा प्रोग्रॅमही ३२-बिटच ठेवावा लागेल.

उत्तर २
भाषेपेक्षा व्याजाच्या हिशेबाकडे आधी पाहावे, असे मी सुचवेन. व्हीबी ६ मधले राउंड फंक्शन नेमकी अर्ध्यावर आलेली संख्या सम अंकाकडे नेते, तर फॉरमॅट ती वर नेते, म्हणजे २.५ चे एकीकडे २ होतात आणि दुसरीकडे ३. आपल्या कोडमध्ये कुठे काय वापरले आहे हे न तपासता भाषांतर केले, तर पासबुकात पैशांचा फरक पडेल आणि सभासद तो बरोबर शोधून काढतील! रकमेसाठी सी शार्पमध्ये डेसिमल (दशांश अचूक साठवणारा) हाच प्रकार घ्यावा. पायथन घेतल्यास फ्लोट (दशांश अदमासे साठवणारा प्रकार) कटाक्षाने टाळावा.

उत्तर ३
काउंटरसाठी सी शार्प मलाही मान्य आहे, पण कृतिदेवमधली नावे युनिकोडमध्ये (कोणत्याही फॉन्टवर न अवलंबणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतात) आणण्याचे एकवेळचे काम पायथनमध्ये करून घ्यावे. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा; त्यामुळे नुसती अक्षरास अक्षर अदलाबदल केल्यास ‘शर्मा’ आणि ‘किशोर’ दोघेही बिघडतात. जुना स्तंभ पुसू नये, त्याच्या शेजारी नवा जोडावा.

प्रश्नकर्ता
व्याजाच्या कोडमध्ये सर्वत्र फॉरमॅट वापरलेले दिसते. सी शार्पमध्ये मॅथ राउंड लिहिले तर चालेल का?

उत्तर २
नुसते लिहून चालणार नाही, कारण तेही मुळात सम अंकाकडेच झुकते. त्याला ‘अवे फ्रॉम झीरो’ हा पर्याय स्पष्ट द्यावा आणि मागच्या मार्चअखेरची व्याज-आकारणी नव्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा करून जुन्या यादीशी खातेनिहाय ताडून पाहावी.