हजेरीत नाव नसलेल्या मुली : आपले आणि आपल्या आयांचे अनुभव

परळ

परवा आईची नखं कापताना डाव्या करंगळीवरचा जुना वण दिसला. विचारलं तर म्हणाली, "विळ्याचा. भात कापताना." रत्नागिरीकडच्या गावात आठव्या वर्षापासून ती दुसऱ्यांच्या खाचरात जायची. आषाढात तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, काढायला, डोक्यावर इरलं, दिवसभर पाय चिखलात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, रात्री आजी मेंदी वाटून भरायची. मजुरीचं भात आजीच्या नावाने मिळे, आईचं काम त्यातच धरलेलं. लग्न होऊन ती गिरणगावात आली आणि इतकी वर्षं यातलं काही बोलली नाही. तुमच्या घरीही अशी एखादी मुलगी असेल. तिच्याबद्दल लिहा. मोबदला कोणाच्या हातात पडायचा, तेही लिहा.

घाटकोपर

मी स्वतःचंच लिहिते. नगर जिल्हा, जमीन नाही. खुरपणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणं, सगळं केलं. बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी आणि पोरीला बाईच्या निम्मी, तीही आईच्याच हातात. सुगी उरकली की सरवा, म्हणजे रानात मागे राहिलेली कणसं, वेचायची. आईचा दंडक होता, ज्या रानात पीक उभं आहे तिथे पाय टाकायचा नाही. एका मळ्यातली म्हातारी आम्हाला बघून मुद्दाम चार कणसं मागे सोडायची. तिचा चेहरा अजून आठवतो. दिवसभर वाकून ओटीभर कणसं, घरी बडवली की शेर-दीड शेर ज्वारी.

१९७२ ला मी दहा वर्षांची. रानात काही उगवलंच नाही. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, तिच्या शेजारी मीही. लहान म्हणून माझं नाव घेतलं नाही, पण आईच्या ढिगात निम्मी खडी माझी. तिथे खायला सुकडी मिळायची ती अर्धी धाकट्यासाठी बांधून न्यायचे. घरी लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी. शाळेत नाव होतं, हजेरी नव्हती. कामावर रोज हजर, तिथे नाव नव्हतं.

पुढे १९७६ ला समान वेतनाचा कायदा झाला. आमच्या शिवारात त्यानंतरही बाईची मजुरी गड्याएवढी झाली नाही. पोरीचा तर प्रश्नच नव्हता.

बोरिवली

शेत म्हटलं की लोकांना मुंबईबाहेरचं गाव आठवतं. माझी आत्या गोराईची. भात निघालं की त्याच जमिनीत भाजी. पहाटे विहिरीचं पाणी घालायचं, मग टोपली घेऊन होडीने खाडी ओलांडून इकडे विकायला. वय नऊ. आलेले पैसे तिच्या बापाकडे.

विक्रोळी

आम्ही बीडचे. दिवाळीनंतर आईबाप कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, बरोबर मी. कोपीवर, म्हणजे आमच्या खोपटात, भावाला सांभाळायचं, फडात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून भारे बांधायचे. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, बापाच्या नावावर, फेडायला सगळेच. याहून जास्त मला लिहवत नाही.

परळ

सगळं आईला वाचून दाखवलं. विक्रोळीच्या ताईंचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग सरव्याचं पुन्हा वाचायला लावलं. म्हणाली, "आमच्याकडे सरवा पोरीचा. मी वेचलेल्या लोंब्यांचे पोहे कांडून आई फक्त मला द्यायची. घाटकोपरच्या बाईला विचार, तिला तिच्या सरव्यातलं काही मिळायचं का?"