पोलंडमध्ये ख्रिसमस ईव्हच्या जेवणाचं बोलावणं आलंय, शाकाहारी माणसाने काय खायचं?

क्राकोवचा_नवखा
नमस्कार मंडळी, कामासाठी ऑगस्टपासून क्राकोवमध्ये आहे. ऑफिसमधल्या मित्राने २४ डिसेंबरला घरी जेवायला बोलावलंय, त्याचे आईवडील, आजी सगळे असणारेत. मी अंडं खातो, मासे-मटण नाही. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला टेन्शन नको घेऊस, त्या दिवशी आमच्याकडे मांस नसतंच, बारा पदार्थ असतात आणि सगळे बिनमांसाचे. मी खूश. आणि मग परवा तोच सांगत होता की आजीसारखा कार्प मासा कुणाला तळता येत नाही! म्हणजे नक्की काय समजायचं? शिवाय रिकाम्या हाताने जायचं नाहीये, काय नेऊ? बाकी देशांतल्यांनीपण सांगा तुमच्याकडे काय असतं.

वॉर्सावाला
हाहा, मासा म्हणजे मांस नाही हा त्यांचा उपवासाचा हिशोब आहे. आपल्याकडे साबुदाणा वडा चालतो आणि इडली चालत नाही तसंच, त्यात लॉजिक शोधू नकोस. पण आजीला आधीच कळव, ऐन टेबलावर सांगशील तर ती बिचारी कार्पऐवजी हेरिंग, म्हणजे दुसरा मासाच, वाढेल.

त्या संध्याकाळला विगिलिया म्हणतात. पहिला तारा दिसल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही, घरातलं शेंडेफळ खिडकीला नाक लावून उभं असतं. फार थांबावं लागत नाही, तुमच्याकडे तेव्हा पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, आणि आभाळ भरलेलं असलं तर घड्याळ बघून तारा दिसला म्हणायचं. दुपारी जेवून जाऊ नकोस, बाराच्या बारा पदार्थ निदान चाखायचे असतात.

सुरुवात ओप्वातेकने. कागदासारखी पातळ पांढरी चकती, चव अशी काही नाही, वर येशूजन्माचं चित्र उठवलेलं. प्रत्येकाने प्रत्येकाच्या चकतीचा तुकडा मोडून खायचा आणि शुभेच्छा द्यायच्या. आपलं तिळगूळ घ्या गोड बोलाच म्हण, फक्त इथे वर्षभर अबोला धरलेल्या आत्याकडेपण जावंच लागतं आणि आज्या हमखास रडतात.

तुला खाण्यासारखं भरपूर आहे. बार्श्च म्हणजे बिटाचं आंबटसर लालभडक सूप, त्यात उश्का, म्हणजे छोटे कान, मशरूम भरून कानासारखे दुमडलेले. बरीच घरं भाज्या नि सुक्या मशरूमच्या पाण्यातच करतात तरी विचारून घे. पिरोगी कोबी-मशरूमची, आकार अगदी करंजीचा पण पाण्यात शिजवलेली, मी एकदा चौदा खाल्ली होती. सुक्या फळांचं कॉम्पोत पितात, त्यातल्या धुरी दिलेल्या प्लममुळे पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल, चौथ्याला आवडायला लागेल. आणि माकोव्हिएत्स! खसखशीचा रोल. अनारशाला लावतो तशी चिमूटभर नाही, कापला की आत सगळी काळी खसखसच.

दोन सूचना. टेबलक्लॉथखाली गवत असतं, कचरा समजून काढायला जाऊ नकोस. आणि एक ताट जास्तीचं मांडलेलं असतं, ते न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी, त्या खुर्चीत बसायचं नाही. मी बसलो होतो.

एल्बकाठची_रेवती
उपवासावरून आठवलं, मी जर्मनीत ड्रेस्डेनला असते. इथला स्टोलन केक आधी तेलात करायचे, कारण ख्रिसमसच्या आधीचे आठवडे उपवासाचे आणि लोणी वर्ज्य. इथल्या राज्यकर्त्यांनी पोपकडे तगादा लावला, शेवटी १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी लोणी वापरायची परवानगी देणारं पत्र धाडलं, त्याला लोण्याचं पत्र असंच म्हणतात. आता ड्रेस्डेनच्या अस्सल स्टोलनला मैद्याच्या निम्मं तरी लोणी लागतंच. एकादशी आणि दुप्पट खाशी :) २४ च्या रात्री मात्र बऱ्याच जर्मन घरांत साधं बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज, एवढंच.

आरहूसची_काकू
डेन्मार्कमध्ये तुला स्वर्ग, निदान शेवटच्या वाटीपुरता. आधी बदक नाहीतर डुकराचं रोस्ट असतं ते सोड, पण गोडाला रिसालामांद, म्हणजे थंड तांदळाची खीर, त्यात फेटलेलं क्रीम, बदामाचे तुकडे आणि वरून गरम चेरीचा सॉस. सगळ्या भांड्यात एकच अख्खा बदाम घालतात, ज्याला मिळेल त्याला बक्षीस, बहुतेक मार्झिपॅनचं, म्हणजे बदाम-साखरेच्या गोळ्याचं डुक्कर. मिळाला तरी सांगायचं नाही, गालात लपवून ठेवायचा म्हणजे बाकीचे पोट फुटेस्तोवर खात राहतात. आमच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या त्या वर्षी भांडं खरवडून झालं तरी बदाम निघेना, पोरं रडकुंडीला आली. घरी आल्यावर म्हणाल्या, खीर बरी होती हो, पण बदाम नीट चिरले नव्हते, एक अख्खाच आला माझ्या तोंडात.

टोकियो_लोकल
सासूबाई 😂😂
जपानमध्ये ख्रिसमसला सुट्टीसुद्धा नसते, तरी १९७४ च्या एका जाहिरातीपासून केएफसीचं चिकन आणि सोबत क्रीम-स्ट्रॉबेरीचा केक हे ठरलेलं. आधी बुकिंग केलं नाही तर लायनीत उभं राहा.

वसईचा_पावलू
काय न्यायचं ते कुणी सांगितलंच नाही की. आमच्याकडे नाताळला फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मटणाचा रस्सा, लागतंच, ते तुझ्या कामाचं नाही, पण कुळकुळं कर. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, अंडं नाही घातलं तरी चालतं. बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत गुंडाळायची, शिंपल्यासारख्या रेघा उमटतात, मग तळून साखरेच्या पाकात घोळवायची. शंकरपाळ्यासारखीच टिकतात. गोव्यातपण नाताळच्या ताटात नेवऱ्या, दोदोल, बेबिंकाबरोबर हीच असतात. एकट्याने करू नकोस मात्र, कंटाळशील, आमच्याकडे अख्खं घर बसतं तरी दुपार जाते.

क्राकोवचा_नवखा
सगळ्यांना थँक्यू! मित्राला विचारलं, बार्श्च भाज्यांचंच आहे, आजीला निरोप गेलाय. कुळकुळं फायनल, रूममेटला कामाला लावतो. घरात काटे दोनच आहेत पण, कंगव्यावर होतात असं वाचलं, खरं का?

वसईचा_पावलू
होतात, छान होतात. नवा घे पण.

वॉर्सावाला
आणि फुलं नेणार असशील तर विषम संख्येत, सम इथे मयताला नेतात.