रात्री गाडी चार्ज करायची, तर गच्चीवरच्या सोलरचा उपयोग काय?

नेरूळकरीण
आमचं नेरूळला सिडकोचं जुनं रो-हाऊस. गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर आहे, दिलेले-घेतलेले युनिट मोजणारा नेट मीटरही लागलाय. आता टियागो ईव्ही घेतली, २४ युनिटची बॅटरी. मी बँकेत, ऐरोलीला. ऊन असतं तेव्हा गाडी ऐरोलीच्या पार्किंगमध्ये आणि मी सात वाजता घरी येते तेव्हा पॅनल झोपलेले. ह्यांचं म्हणणं, बॅटऱ्या बसवू. खरंच लागतात का? परवा भर दुपारी लाईट गेली तर डोक्यावर ऊन असून घरातला पंखासुद्धा बंद!
आणि पोर्चमधल्या प्लगला चार्जर लाल दिवा दाखवतो, चार्जिंग सुरूच होत नाही. सोलरवाला म्हणतो गाडीत दोष, शोरूमवाले म्हणतात वायरिंगमध्ये. मी मधल्या मधे.

सानपाड्याचा जुना वायरमन
ताई, बॅटऱ्यांच्या नादाला लागू नका. बँकेत आहात ना, मग बिल पासबुकासारखं वाचा. दुपारी लाईनवर सोडलेले युनिट जमा, रात्री गाडीने ओढलेले नावे. महिन्याला उरलेले पुढे सरकतात. पण ३१ मार्चला तुमच्यासारखंच वीज कंपनीचंही क्लोजिंग असतं, तेव्हा उरलेले युनिट अगदी किरकोळ भावात जातात. म्हणून गरजेपेक्षा जास्त पॅनल टाकून कमाई होईल हे डोक्यातून काढा. स्थिर आकारही चुकत नाही.
३ किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला १२ युनिट धरा, पावसाळ्यात बरेच कमी. गाडी तीसेक किलोमीटर पळत असेल तर पाच युनिट पुरतात.
लाईट गेल्यावर सोलर बंद पडतं ते मुद्दाम. खांबावर आमच्यासारखा कुणी चढलेला असतो, तुमच्या गच्चीवरून लाईनमध्ये करंट आला तर तो जाईल की!
लाल दिव्याचं मात्र मला अर्थिंग वाटतं. पंधरा अँपिअरच्या प्लगमधली हिरवी वायर कुठे जाते ते बघा. फेज-न्यूट्रलला २३० आणि फेज-अर्थला ४०-५० दिसले तर समजा अर्थिंग नाहीच. आणि बिलावरचा मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती किलोवॉट ओढायची परवानगी आहे, ते बघून ठेवा. गाडी एकटी ३ किलोवॉट ओढते. गीझर, एसी आणि गाडी एकदम लावलीत तर एमसीबी रोज खाली पाडाल.

घोडबंदर_सातवा_मजला
आम्हा फ्लॅटवाल्यांना स्वतःची गच्ची कुठली! पण केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीलाही सबसिडी आहे, किलोवॉटमागे १८,००० रुपये, सामायिक वापरासाठी. त्यात पार्किंगमधलं चार्जिंगही धरतात. आमच्याकडे तीन मीटिंगा झाल्या, गाडी शिवाजीरावांच्या लिफ्टजवळच्या जागेवरच अडलीय.

नेरूळकरीण
काका, तुमच्या तोंडात साखर पडो! प्लग खोलला. हिरवी वायर भिंतीतून थेट बागेतल्या नळाच्या पाइपला गुंडाळलेली. तो पाइप आम्ही चार वर्षांपूर्वी बदलला, आता प्लॅस्टिकचा आहे. म्हणजे इतकी वर्षं आमचं अर्थिंग प्लॅस्टिकला! तुळशीवृंदावनामागे खड्डा खणून वेगळं अर्थिंग केलं, लाल दिवा गेला. मंजूर भार फक्त ३ किलोवॉट निघाला, वाढवायचा अर्ज दिलाय. तोवर गीझर सकाळी, गाडी रात्री अकरानंतर.
बॅटऱ्यांचं ह्यांना अजून सांगायचंय.